दम गेला कुठे? घरीच फेरबदल केलेल्या एका डिझेल पिकअपचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दुहेरी केबिनची पिकअप. २.५ लिटरचे चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचे डिझेल), व्हीजीटी टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा, पाती उघडमीट होणारा), पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, गरजेपुरती फोर-व्हील ड्राइव्ह, मागे पाटे. काम सुरू झाले तेव्हा रीडिंग १,६५,००० किलोमीटरच्या आसपास होते. मालक फॅब्रिकेशनच्या धंद्यातला. मागच्या हौद्यात साडेतीनशे-चारशे किलोची अवजारे कायम, आणि आठवड्यातून दोन-तीनदा मागे १,२०० किलोचा ट्रेलर. हात कामाला बसलेला होता. ब्रेक, पाटे, सायलेन्सर ही कामे तो नेहमी स्वतःच करायचा. घरच्या शेडमध्ये ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, छोटा कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगची सगळी सोय होती.

तक्रार एकच: भरलेली गाडी लांब चढावर ओढत नाही. तिसरा गिअर सोडून दुसऱ्यात यावे लागते. दोन वर्षांपूर्वी हाच चढ तिसऱ्यात होत असे, हे मालकाला आठवत होते. खरे तर या एका आठवणीतच निम्मे निदान होते. गाडी पूर्वी जे करत होती ते आता करत नसेल, तर काहीतरी हरवलेले असते. ते न शोधता वरून भर घातली की हरवलेले आणखी खोल दडते.

मालकाने भर घातली. चार महिन्यांत, या क्रमाने:

आधी टायर. मूळचे २४५/७० आर१६ काढून २६५/७५ आर१६ बसवले. त्यासोबत मागच्या पाट्यांत एक जादा पाटा, पुढे स्पेसर, आणि गाडी सुमारे ५० मिलिमीटर वर. मग मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून तेल लावायचा कोन फिल्टर. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे तीन इंची सायलेन्सर पाइप, स्वतः वाकवून जोडलेला. शेवटी रेल प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये लावायचा ट्युनिंग बॉक्स.

अडचण

बॉक्स लावल्यावर पहिला आठवडा गाडी पळाली. नंतर ट्रेलर जोडून चढावर गेल्यावर मागे काळा धूर, मग इंजिनचा दिवा आणि लिंप मोड, म्हणजे बचावासाठी ताकद आपोआप कमी. चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी ठीक, पुढच्या चढावर पुन्हा तेच. स्कॅनरवर कोड पी०२९९, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब).

याखेरीज तीन गोष्टी होत्या. मालक त्या वेगवेगळ्या किरकोळ कुरबुरी समजत होता. जागेवरून गाडी उचलताना १० ते २५ किलोमीटर वेगात सीटखाली थरथर जाणवे. भरलेल्या गाडीला ब्रेक मारला की पुढचे नाक जास्तच बुडे आणि पुढचे पॅड लवकर झिजत. आणि ट्रेलरसह चढाव संपला की क्लचचा जळका वास येई.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळे काढून गाडी मूळ अवस्थेत नेण्याचा. यात चूक काहीच नव्हती, पण मूळ तक्रार तशीच राहिली असती.

दुसरा पर्याय आणखी पुढे जाण्याचा: मोठा टर्बो, पुढच्या ग्रिलमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), दणकट क्लच. मालकाचा कल इकडे होता आणि इंटरकूलरची मापेही घेऊन झाली होती. यातली मेख अशी की कमी बूस्टचा कोड देणाऱ्या इंजिनाला मोठा टर्बो लावला, तर बूस्ट का कमी पडतोय हा प्रश्न नव्या सुट्या भागांसह तसाच उभा राहतो.

तिसरा पर्याय बॉक्स बाजूला ठेवून एकेक गोष्ट मोजायचा, बिघाड काढायचा, आणि मग जे उणे दिसेल तेवढेच वाढवायचा. हा निवडला गेला. कारण फार तात्त्विक नव्हते. लिंप मोडमुळे दोन कामे बुडाली होती आणि मोठ्या टर्बोला वेळ लागणार होता.

मोजमाप कसे ठेवले

घरी डायनो (ताकद मोजणारे यंत्र) नसतो, त्याची गरजही नाही. एकच सपाट रस्ता, तोच भार, ट्रेलर जोडलेला, तिसऱ्या गिअरमध्ये ५० वरून ८० किलोमीटर वेग गाठायला लागणारे सेकंद. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या घ्यायच्या म्हणजे वारा आणि बारीक उतार वजा होतो, मग सरासरी काढायची. वेग जीपीएसवरून घ्यायचा, मीटरवरून नाही, कारण टायर बदललेले.

टायरचे गणित इथेच करून टाकू. २४५/७० आर१६ चा व्यास: ४०६.४ अधिक दोनदा १७१.५, म्हणजे ७४९ मिलिमीटर. २६५/७५ आर१६ चा: ४०६.४ अधिक दोनदा १९८.७५, म्हणजे ८०४. फरक ७.३ टक्के. मीटर आधी अचूक असेल तर आता ८० दाखवताना गाडी जवळजवळ ८६ ने जात असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ३.९२ चे डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९२ फेरे) इंजिनाला ३.६५ सारखे वाटू लागते, म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्के उंच. गाडी ओढत नाही म्हणून सुरू झालेल्या कामातली पहिली खरेदीच ओढ कमी करणारी होती. (किलोमीटरही सात टक्के कमी नोंदले जातात, त्यामुळे गाडी आहे त्यापेक्षा जास्त तेल पिते असे दिसते. मायलेज काढताना किलोमीटरला १.०७३ ने गुणायचे.)

सगळे बदल अंगावर असताना, बॉक्ससह, वेळ आली १४.८ सेकंद. बॉक्स काढल्यावर १७.९. हा आकडा पाहून बॉक्स परत लावायचा मोह होणे साहजिक होते. पण १७.९ हा खरा आकडा होता. बॉक्स फक्त त्यावर पांघरूण घालत होता.

हा बॉक्स नेमके काय करतो ते समजून घ्यायला हवे. रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असे तो ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) खोटे सांगतो. ईसीयू दाब वाढवतो, इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. हवा किती आली, एक्झॉस्ट किती तापला, यातले बॉक्सला काहीच कळत नाही. ईसीयूचा धुराचा हिशेबही फसतो, कारण त्याच्या लेखी डिझेल ठरल्याइतकेच गेलेले असते. शिवाय रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह वारंवार उघडू लागला की पुढे तो नीट बसत नाही, आणि मग गरम गाडी सुरू होताना रखडते.

पहिला निर्णय: एअर फिल्टर आणि एमएएफ

स्कॅनरवर चढावावरचे आकडे नोंदवले. बूस्ट वाचताना एक काळजी घ्यायची: बरेच स्कॅनर निरपेक्ष दाब दाखवतात, त्यातून वातावरणाचा सुमारे एक बार वजा केला की खरा बूस्ट मिळतो. इथे निरपेक्ष दाबाची मागणी होती २.३० बार, प्रत्यक्षात मिळत होते १.९५. टर्बोच्या पात्यांना ईसीयूची आज्ञा ८८ टक्के, म्हणजे पाती जवळजवळ मिटवून टर्बोला जिवाच्या आकांताने फिरवणे चालू होते.

त्याच वेळी एमएएफची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद या इंजिनाच्या मानाने कमी येत होती. सेन्सर काढून पाहिला तर तारेवर फिल्टरचे तेल चिकटून त्यावर धूळ बसलेली. कोन फिल्टरला तेल सढळ हाताने लावले की हे ठरलेलेच. फिल्टरच्या तोंडाशी तापमान मोजले: बाहेर ३२ अंश, फिल्टरजवळ ५८. म्हणजे इंजिन बॉनेटखालची गरम हवा ओढत होते. केल्विनमध्ये ३०५ भागिले ३३१ करा, हवेची घनता आठ टक्क्यांनी उतरते. इंटरकूलर त्यातले थोडे भरून काढतो, सगळे नाही.

मूळचा डबा आणि कागदी फिल्टर परत लावला, सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुतला आणि पूर्ण वाळू दिला. (ब्रेक क्लीनर वापरायचा नाही, तारेला ब्रश लावायचा नाही.) वेळ १६.७ वर आली. पण काळा धूर बॉक्स नसतानाही वाढला.

इथे मालक गडबडला, आणि गडबडणे रास्त होते. धुतल्यावर गाडी बिघडली असेच कुणालाही वाटेल. घडले ते असे. दोन दोष एकमेकांना झाकत होते. एमएएफच्या पुढे, टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी हवा गळत होती. मळका सेन्सर हवा कमी सांगे, म्हणून ईसीयू डिझेलही कमी देई. त्यामुळे धूर दबलेला राही आणि ताकद गेलेली असे. सेन्सर खरे बोलू लागल्यावर ईसीयूने त्या मोजलेल्या हवेइतके डिझेल दिले, पण ती सगळी हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हती. तेव्हा वाढलेला धूर म्हणजे उलटा पडलेला इलाज नव्हता, पुढची खूण होती.

दुसरा निर्णय: गळती शोधणे

गळतीची चाचणी घरी करता येते. टर्बोच्या बाहेरच्या तोंडापासून इनटेकच्या तोंडापर्यंतचा टप्पा दोन्हीकडे बंद करायचा. बुचे जाड पाइपच्या तुकड्यांची, क्लॅम्प घट्ट, एका बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू एक बारपर्यंत जायचे. बुचाच्या समोर उभे राहायचे नाही, सुटले तर गोळीसारखे येते. टर्बोच्या आतल्या तोंडाकडून दाब देण्याची पद्धतही आहे, पण उघड्या व्हॉल्व्हमधून आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि गळती नसताना गळती दिसते.

एक बारला साबणाचे पाणी मारले. एकही बुडबुडा नाही. दाब दहा मिनिटे टिकला. बहुतेक लोक इथे थांबतात आणि टर्बोला दोष देतात.

इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या कडेला, तळहाताएवढा तेलकट डाग होता. इंटरकूलरच्या पाइपात थोडे तेल असणे नेहमीचेच. पण ते बाहेर दिसणे नेहमीचे नाही. दाब १.३ बारवर नेला आणि होज हाताने इंजिनाच्या बाजूला खेचली, तेव्हा फुस्स आवाज आला. सोडली की बंद. होज काढून आतून पाहिली तर क्लॅम्पखाली अडीच-तीन सेंटिमीटरची चीर, आतून मोठी, बाहेरून केसाएवढी. भारावर इंजिन माउंटिंगवर पिळते, होज ताणली जाते, गरम रबर मऊ पडते, आणि चीर तेव्हाच तोंड उघडते. उभ्या, थंड गाडीत, होज न खेचता, ती सापडणे शक्यच नव्हते.

आतून तेल सोसणाऱ्या अस्तराची नवी होज आणि टी-बोल्ट क्लॅम्प बसवले. साधी सिलिकॉन होज टाळली, कारण आतून खास अस्तर नसेल तर तिच्यातून तेल झिरपते. इंजिन माउंटिंगही बदलले, जुने बसलेले होते. टर्बोचा शाफ्ट हाताने तपासला: आडवा किंचित खेळ, जो तेलाच्या थरामुळे असतोच, पुढे-मागे खेळ नाही, पाती घराला घासल्याची खूण नाही.

वेळ १३.९. निरपेक्ष दाब २.२८ बार, पात्यांना आज्ञा ६१ टक्के. धूर नाही, कोड नाही.

इनटेक आणि ईजीआर

होज काढलेली असतानाच इनटेकमध्ये डोकावले तर काजळी आणि तेलाच्या वाफेचा तीन-चार मिलिमीटरचा लगदा. मॅनिफोल्ड खोलून, इंजिनापासून वेगळा करून धुतला, गॅस्केट नवे घातले. इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये फवारे मारण्याचा जो प्रकार चालतो तो डिझेलमध्ये करू नये. सॉल्व्हंट हेच इंधन होते, इंजिन स्वतःहून चढत जाऊ शकते, आणि सुटलेली ढेकळे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

ईजीआर (थोडा धूर पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) कायमचा बंद करावा असा सल्ला मालकाला दोघांनी दिला होता. तो मानला नाही. बहुतेक देशांत उत्सर्जनाची यंत्रणा काढणे बेकायदा आहे आणि गाडी तपासणीत नापास होते. इथे तर तांत्रिक कारणही उरले नव्हते. ईजीआर धुऊन पुन्हा बसवला आणि ब्रीदरच्या वाटेवर ऑइल कॅच कॅन घातला. कॅनची नळी मूळ नळीपेक्षा बारीक असता कामा नये आणि कॅन वेळेवर रिकामा करायला हवा. तो तुंबला की क्रँककेसचा दाब वाढतो, टर्बोचे तेल परत उतरत नाही, आणि चांगला टर्बो तेल ओकू लागतो.

वेळ १३.६. फार फरक नाही. पण आयडल शांत झाले.

तिसरा निर्णय: बॉक्स परत लावायचा का?

मालकाला लावायचा होता. अट एकच ठरली: आधी एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मीटर.

के-टाइप थर्मोकपल टर्बोच्या आधी, चारही सिलिंडरचा धूर एकत्र येतो त्या जागी बसवला. टर्बोनंतर बसवणे सोपे असते, पण भारावर तिथले तापमान शंभर-दीडशे अंशांनी कमी येते आणि हा फरक स्थिर नसतो, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढूनच भोक पाडले, ८.७ मिलिमीटर ड्रिल आणि एक अष्टमांश एनपीटी टॅप. मॅनिफोल्ड न काढता ड्रिलला ग्रीस लावून भोक पाडणारे आहेत, पण बिडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यावर गेला तर वाचवलेले दोन तास टर्बोच्या किमतीला पडतात.

काढताना एक स्टड तुटला. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारले होते, तरीही. १,६५,००० किलोमीटर तापून निवलेल्या स्टडकडून दुसरी अपेक्षा करू नये. तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला आणि लालबुंद असतानाच न काढता, जरा निवल्यावर, पुढे-मागे डुलवत काढला. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडलेल्या होत्या. घरी वेल्डिंग येत नसेल त्याने हे काम इथेच थांबवून गाडी मशीनशॉपला न्यावी.

आता तोच चढ, तोच ट्रेलर. बॉक्स नसताना तापमान ६४० अंश सेल्सिअसवर स्थिरावले. बॉक्स मधल्या पातळीवर लावला. सपाटीवर वेळ आली १२.१ सेकंद, आजवरची सर्वांत चांगली. चढावर चाळीस सेकंदांत ७८० अंश, आणि काटा अजून वरच जात होता. पाय काढावा लागला.

टर्बोच्या आधी मोजलेले तापमान सलग भारावर ७०० अंशांच्या आत ठेवायचे, हा सर्वसाधारण दंडक. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टन त्याआधी वाचतो तो खालून तेलाने आणि प्रत्येक स्ट्रोकला येणाऱ्या ताज्या हवेने थंड होत असतो म्हणून. ओव्हरटेक करताना पाच सेकंद ७५० दिसले तर काही होत नाही. दहा मिनिटांचा चढ ही वेगळी गोष्ट. म्हणजे हा बॉक्स जिथे कामाचा नव्हता, नेमके तिथेच मालकाला ताकद हवी होती.

यावर ईसीयूचे व्यवस्थित रीमॅप (त्याचा प्रोग्रामच बदलणे) हा उपाय होता. त्यात धुराची आणि टॉर्कची मर्यादा हवेच्या हिशेबाने बसवता येते. तो निर्णय पुढे ढकलला, कारण टायरचा प्रश्न शिल्लक होता.

मोठ्या इंटरकूलरचा प्रश्न मात्र इथेच मिटला. इंटरकूलरनंतरची हवा चढावर बाहेरच्या हवेपेक्षा २४ अंशांनीच गरम येत होती. मोठा इंटरकूलर लावून फार तर दहा-बारा अंश मिळाले असते, वर रेडिएटरसमोर अडथळा.

चौथा निर्णय: टायर की डिफरन्शियल

सात टक्के परत मिळवायचे दोन मार्ग. टायर ठेवून डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन बदलायचे, किंवा टायर लहान करायचे. ३.९२ गुणिले १.०७३ म्हणजे ४.२ च्या आसपासचे डिफरन्शियल लागले असते. फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने पुढचे आणि मागचे दोन्ही एकाच प्रमाणाचे हवे. एकच बदलले तर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस कोरड्या रस्त्यावर स्वतःलाच पिळते. क्राउन-पिनियन बसवायला पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड आणि बॅकलॅश जुळवावे लागतात. डायल गेज आणि हाताची सवय नसेल तर हे शेडमध्ये करायचे काम नाही, महिनाभरात डिफरन्शियल गुणगुणू लागते.

२४५/७५ आर१६ निवडले. व्यास ७७४, मूळपेक्षा ३.३ टक्के जास्त. जमिनीपासूनची उंची थोडी राहिली, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासणे थांबले. भारक्षमता मूळ टायरच्या बरोबरीची आहे ना, हे आकड्यांवरून पडताळले. बॉक्सशिवाय वेळ १२.९ सेकंद.

बॉक्ससह १२.१ होती ती मोठ्या टायरवर. उरलेल्या ०.८ सेकंदासाठी १४० अंशांची किंमत मोजायची का, हे मालकाने स्वतःच ठरवले. रीमॅपही केला नाही.

पाटे, ब्रेक आणि थरथर

थरथरीचे कारण इंजिनात नव्हतेच. दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट आणि मधले सेंटर बेअरिंग. मागची बाजू ५० मिलिमीटर उचलली की शाफ्टचे कोन बदलतात आणि जागेवरून उचलताना, टॉर्क जास्त व वेग कमी असताना, युनिव्हर्सल जॉइंट धक्के देतात. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली स्पेसर घालून ते उतरवले. ६ मिलिमीटरला कमी झाली, १० ला गेली, १४ ला पुन्हा आली. १० वर ठेवले. हे करून पाहूनच ठरते.

जादा पाटा काढला नाही, कारण हौद्यातला भार कायमचा आहे. पण बसवताना दोन चुका झाल्या होत्या. जुनेच यू-बोल्ट परत वापरले होते. ते एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा आवळल्यावर पकड धरत नाहीत. दुसरी चूक, शॅकलचे बोल्ट ॲक्सल लोंबकळत असताना आवळले होते. त्यामुळे गाडी खाली उतरताच रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. एक फाटलेला निघाला. नवे यू-बोल्ट, नवे बुश, गाडी चाकांवर उभी करून, कर्णाच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले, तेव्हा सगळे नट जवळजवळ अष्टमांश फेरा फिरले.

या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा दोष ब्रेकचा होता, आणि त्याचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. मागच्या ॲक्सलपासून चेसिसपर्यंत एक काडी जाते, ती भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला हलवते. भार वाढला की चेसिस खाली येते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. चेसिस ५० मिलिमीटर वर गेल्यामुळे भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटत होती. मागचे ब्रेक जेमतेम लागत, सगळे ओझे पुढे. काडीच्या ब्रॅकेटला ५० मिलिमीटरची पट्टी जोडली, मग गाडी ब्रेक टेस्टरच्या रोलरवर नेऊन भरलेली आणि रिकामी, दोन्ही तपासून घेतली. ब्रॅकेट घरी करायला हरकत नाही, रोलरची चाचणी मात्र टाळायची नाही. हेडलाइटचा झोतही त्याच फेरीत खाली घेतला.

वजनकाट्यावर ॲक्सलनिहाय वजनही तेव्हाच केले. जादा पाट्यामुळे गाडी मागे बसत नाही, पण ॲक्सल, बेअरिंग, चाके आणि ब्रेक तेच राहतात. पाटीवर लिहिलेली मर्यादा पाट्याने वाढत नाही. ट्रेलर जोडून मागच्या ॲक्सलवर मर्यादेपेक्षा अवघे ६० किलो कमी निघाले. वेल्डिंग मशीन टेलगेटजवळून केबिनमागे सरकवले.

क्लच

पाचव्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आरपीएम चढले, वेग नाही. क्लच सरकत होता. गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हीलवर निळे डाग. ड्युअल मास फ्लायव्हील (हिसके शोषणारे, दोन भागांचे) काढून एकसंध बसवण्याचा विचार झाला, कारण तो स्वस्त आणि दणकट. पण डिझेलचे हिसके मग थेट गिअरबॉक्सला बसतात आणि आयडलला खडखड येते. ड्युअल मासचा खेळ मॅन्युअलच्या मर्यादेत होता, म्हणून तोच ठेवून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील बदलले. गिअरबॉक्स उतरवलेला असताना ते सील न बदलणे ही खोटी काटकसर.

निष्पत्ती

ट्रेलरसह तो चढ पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये, धुराशिवाय होतो. सर्वाधिक नोंदलेले तापमान ६६० अंश. ८,००० किलोमीटरमध्ये एकही कोड नाही. अंगावर राहिलेले फेरबदल असे: जादा पाटा, थोडे मोठे टायर, तापमानाचा मीटर, कॅच कॅन, आणि तीन इंची सायलेन्सर. सायलेन्सरने मोजण्याजोगे काही दिले नाही, केबिनमधला गुंजारव वाढवला. तो ठेवला तो फक्त जोड सुंदर आहेत म्हणून. टायर आणि उंचीची नोंद विमा कंपनीकडे केली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी, टायर घेण्याआधी, मूळ गाडीची वेळ आणि बूस्टची नोंद घेतली असती, तर मागणी व प्रत्यक्ष यांतला फरक तेव्हाच दिसला असता. तशी नोंद नसल्याने मूळ टायरवर, दुरुस्त इंजिनासह वेळ किती आली असती हे कधीच मोजले गेले नाही. अंदाज १२.५ च्या आसपासचा, पण तो अंदाजच.

तापमानाचा मीटर सर्वांत आधी हवा होता. बॉक्स लावून गळक्या होजसह गाडी साडेतीन आठवडे चालली. त्या काळात एक्झॉस्ट किती तापला याचा पुरावा नाही. म्हणून कॉम्प्रेशन तपासले, चारही सिलिंडर २६ ते २८ बारच्या दरम्यान निघाले. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणीही घेतली: चार बाटल्या, ठरावीक वेळ आयडल. तिसऱ्या इंजेक्टरचे डिझेल इतरांपेक्षा जरा जास्त आले, मर्यादेत पण लक्ष ठेवण्याजोगे. ही चाचणी करताना रेलच्या दाबाच्या नळ्यांना हात लावायचा नाही. त्यांतला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडीतून आत शिरते. परतीच्या नळ्या वेगळ्या असतात, त्याच काढायच्या.

इनटेकचे काम क्लचच्या आधी झाले, ते क्रमाने चुकले. सरकणाऱ्या क्लचवर घेतलेल्या सुरुवातीच्या वेळा थोड्या संशयास्पद ठरतात. तिसऱ्या गिअरमध्ये तो सरकत नसावा, आरपीएम आणि वेग यांचे गुणोत्तर नोंदींमध्ये स्थिर होते. तरी पाचव्या गिअरची ती अर्ध्या मिनिटाची चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

काढलेला बॉक्स शेडमधल्या फळीवर आहे. रेल सेन्सरच्या कनेक्टरची रबरी सील तो लावताना-काढताना एका बाजूने चिरली होती, ती पावसाळ्याआधी बदलली. तिसऱ्या इंजेक्टरची बाटली दर १०,००० किलोमीटरला पुन्हा लावायची ठरली आहे.